बाईंचा हुकमी एक्का

आजऱ्याच्या शाळेत पोतनीस बाईंनी वादविवाद आणला, त्याआधी तिथे भाषणं होत. ती कशी होत, हे महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणाला सांगायला नको. भाषण बाईंनी लिहून द्यायचं, पोरानं ते आठवडाभर घोकायचं. 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणताना डावीकडे बघायचं, 'बालमित्रांनो' म्हणताना उजवीकडे, आणि 'रक्त' हा शब्द आला की मूठ वर. मध्येच एखादं वाक्य विसरलं की गाडी पुन्हा सन्माननीय व्यासपीठापासून सुरू. शेवटी टाळ्या, कंपासपेटीचं बक्षीस, आणि पोराच्या डोक्यात भाषणातलं एक अक्षर शिल्लक नाही.

हेमांगी पोतनीस बाईंना या पोपटपंचीचा मनापासून तिटकारा. म्हणून त्यांनी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वादविवादाचा तास सुरू केला. नियम सोपे होते. विषय एक, बाजू दोन, कोणती बाजू कुणाला ते चिठ्ठी टाकून ठरायचं. आधी मांडणी, मग समोरच्याच्या मुद्द्यांचं खंडन, शेवटी समारोप. लिहून आणलेलं वाचायचं नाही. बाई पहिल्याच दिवशी फळ्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "उलट बोलणं वेगळं आणि वाद घालणं वेगळं. इथे तुम्ही मलासुद्धा खोटं ठरवू शकता. ठरवाच."

मुलांनी माना डोलावल्या आणि वाद घातलाच नाही. मोठ्यांना उलट बोलू नये, हे ज्यांना बाळघुटीबरोबर पाजलेलं, ती पोरं बाईंसमोर उभी राहिली की दुसऱ्या वाक्याला म्हणायची, "बाई म्हणतात ते बरोबर आहे," आणि खाली बसायची. आपसात सोडलं तर एकतर खिदळत, नाहीतर वाद मैदानावर नेऊन हातघाईनं मिटवत. सातवीतली कस्तुरी येसणे तर ओठच उघडत नसे. तिची आई काजूच्या कारखान्यात कामाला, वडील गोव्यात. लिहायची झकास, पण उभी केली की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

तेव्हा ते यंत्र आलं.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेतला निहार नावाचा तरुण ते घेऊन आला होता. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, नाव 'प्रतिवादी'. तुम्ही मुद्दा मांडायचा, ती खोडून काढणार. पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं, भांडखोर. पण भांडखोराचा आवाज बातम्या देणाऱ्या माणसासारखा गुळगुळीत होता. त्याच्याशी भांडताना पोरं हसत, आणि हसणाऱ्याला वाद काय कळणार?

"ओळखीचा माणूस लागेल, मॅडम," निहार म्हणाला. "ज्याची भीती वाटते असा."

बाई हसल्या. "मग मला घाला की त्यात. रोज मला हरवायची सवय झाली, की खरी बाई समोर आली तरी घाबरणार नाहीत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या क्षणी बाईंना स्वतःच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं, आणि तसं वाटण्यात काही खोटंही नव्हतं. आपल्याला हरवायला पोरांना आपणच शिकवणारे शिक्षक किती असतात?

सामग्रीची ददात नव्हती. भिंतींना कान असतात ही तोवर नुसती म्हण उरली नव्हती. वर्गातला नवा फळाच हजेरी घेई, धडा ऐकून घेई आणि साठवून ठेवी. बाईंचा दोन वर्षांचा आवाज तिथे पडून होता, पालकसभेतल्या बोलण्यासकट. बाईंनी परवानगीचा अंगठा टेकवला आणि निहारनं तो सगळा आवाज पेटीत ओतला.

तो ओतताना त्यानं जे समजावून सांगितलं ते असं. जुनी बोलकी यंत्रं साऱ्या जगाचं लिखाण वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत. त्यामुळे ती सगळ्यांसारखी बोलत, म्हणजे खरं तर कुणासारखीच बोलत नसत. प्रतिवादी एकाच माणसाला ऐके, आणि तो काय बोलतो यापेक्षा कधी काय बोलतो याकडे कान देई. अडचणीचा प्रश्न आला की श्वास कुठे अडतो, उत्तराला किती वेळ लागतो, आवाज चढतो की उतरतो, यावरून तो त्या माणसावरचा दबाव मोजत असे.

"माणूस जिंकत असताना काय बोलेल हे सांगणं कठीण," निहार म्हणाला. "हरायला लागला की मात्र सोपं. तेव्हा तो नवा विचार करत नाही, नेहमीच्या पळवाटेनं पळतो. कुणी आकडे फेकतो, कुणी विषय बदलतो, कुणी ओरडतो. प्रत्येकाकडे अशा चारपाचच वाटा असतात. त्या त्याला स्वतःला सोडून घरादाराला ठाऊक असतात."

"माझ्या कोणत्या?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

"ते आता पोरंच शोधतील," निहार म्हणाला आणि बसनं पुण्याला गेला.

*

दिवाळीपर्यंत वर्गाचा नूर पालटला. आठवड्याला एकेकानं भांडखोर घरी न्यायचा, असं ठरलं होतं. पेटी घरोघरी फिरू लागली, तशी पोरांची तोंडं सुटू लागली. गणवेश असावा की नसावा, शाळेत मोबाइल आणावा की नाही, आजऱ्याची जत्रा एकच दिवस असावी का, कशावरही पोरं बाईंना आडवं जात. "बाई, तुम्ही उदाहरण दिलंत, पण उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे," असं सहावीतलं पोर म्हणालं तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

सगळ्यांत बदलली ती कस्तुरी. ओढणी सुटली, मान वर आली. डॉक्टर चौगुल्यांचा ओजस आजवर शाळेचा एकमेव वक्ता होता. तिनं त्याला दोनदा गप्प केलं. जानेवारीत कोल्हापूरला जिल्ह्याची स्पर्धा होती आणि शाळेतून एकच जण जायचा होता. तो या दोघांतला एक, हे सगळ्यांना दिसत होतं.

दोन गोष्टी तेवढ्या बाईंना खटकत. एक म्हणजे, वाद रंगात आला आणि बाई अडचणीत आल्या, की पोरं मध्येच थबकत. काहीतरी येणार म्हणून वाट बघितल्यासारखी एकमेकांकडे बघत, आणि ते आलं नाही की किंचित गोंधळून पुढे जात. दुसरी म्हणजे कस्तुरीची आई सुरेखा. पूर्वी बाजारात दिसली की "बाई, बऱ्या हायसा न्हवं?" म्हणून थांबायची. आता बाई दिसल्या की भाजीच्या ढिगाकडे वळायची. पालकसभेलाही आली नाही.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत बाई खडू आणायला शाळेच्या प्रयोगशाळेकडे गेल्या. आत सात-आठ पोरं डबे उघडून बसली होती आणि कस्तुरी पेटीसमोर उभी होती. विषय गृहपाठाचा होता. बाई दाराबाहेरच थांबल्या. लपून आपलीच स्तुती ऐकायला कुणाला आवडत नाही?

कस्तुरी म्हणाली, "घरी चुकलं तर कुणी सांगायचं? ज्याच्या घरी सांगणारं कुणी न्हाई, त्यानं काय करायचं?"

मग पेटीतून बाईंचा आवाज आला. मऊ, मायेचा, जरासा खाली उतरलेला.

"असू दे गं बाळा. तुझी काही चूक नाही. घरात तसं वातावरणच नसलं, तर तू तरी काय करणार? घरात चार शब्द नीट बोलणारं कुणी असावं लागतं."

"आला!" पोरं एका सुरात ओरडली. "बाईंचा हुकमी एक्का आला!"

कुणीतरी डब्याच्या झाकणावर ताल धरला. कस्तुरी हसली नाही आणि रडलीही नाही. बसमध्ये कंडक्टर तिकीट मागतो आणि आपण देतो, इतक्या सवयीनं तिनं पेटी बंद केली. "थांबा रे, ह्याला उत्तर बसंना अजून," ती म्हणाली आणि पेटी पुन्हा चालू करून वादाला पहिल्यापासून लागली.

बाई खडू न घेता परत फिरल्या. जिन्यावर त्यांना शिपायानं काहीतरी विचारलं, त्यांना ऐकूच आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्या आजवर पोरांना वाक्प्रचार म्हणून शिकवत आल्या होत्या.

ही पेटी आठवडाभर कस्तुरीच्या घरी होती. दोन खोल्यांचं घर. कारखान्यातून दमून आलेली सुरेखा भाकरी थापत असणार, आणि शेजारी पेटीतून पोतनीस बाईंचा आवाज तिच्या लेकीला रोज सांगत असणार, की तुझ्या घरात नीट बोलणारं कुणी नाही. बाजारातल्या त्या वळलेल्या पाठीचा अर्थ बाईंना आत्ता लागला.

त्यांनी निहारला फोन लावला. "मी असं कधीही म्हटलेलं नाही! तुमचं यंत्र माझ्या तोंडात नाही नाही ते घालतंय."

निहारनं शोधून पाहिलं. "बरोबर आहे मॅडम. हे वाक्य तुम्ही कधीच उच्चारलेलं नाही."

"मग?"

"सुटे तुकडे आहेत. 'असू दे गं बाळा' हे तुम्ही नेहमी म्हणता, आणि मुलाचं बरोबर असतं पण तुम्हाला मान्य करायचं नसतं तेव्हाच म्हणता. 'घरी वातावरण नाही' हे पालकसभेत सहकारी शिक्षकांना म्हणता. तुमचा आवाज रागात चढत नाही, उतरतो. यंत्रानं हे सगळं जोडलं. ते म्हणत नाही की तुम्ही असं बोललात. ते म्हणतं, या कोपऱ्यात सापडलात तर हेच बोलाल."

"मी नाही बोलणार."

"शक्य आहे," निहार सौजन्यानं म्हणाला. "यंत्र अंदाजच करतं."

"ती वाट काढून टाका."

त्यानं पुण्यात बसल्या बसल्या काढून टाकली. दुसऱ्या दिवशी तासाला पोरं तक्रार घेऊन आली. सहावीतला तोच चुरचुरीत पोरगा म्हणाला, "बाई, भांडखोर बिघडला. आधी अगदी तुमच्यासारखा वाटायचा. आता कुणीतरी दुसरीच बाई वाटतीया."

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि हसताना त्यांना आपला आवाज खाली उतरल्याचं ऐकू आलं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं. विश्रामराव बँकेतले, मितभाषी माणूस. "मी चिडले की काय करते हो?"

विश्रामरावांनी आमटीची वाटी खाली ठेवली. असा प्रश्न बायकोनं विचारला की शहाणा माणूस आधी हात मोकळे ठेवतो. "तू चिडत नाहीस. गोड होतेस."

"मग?"

"मग मी गप्प बसतो. गोड झालीस की काहीतरी लागेल असं बोलतेस, आणि वर मलाच तुझी दया येते असं दाखवतेस. भांडता येत नाही त्याच्याशी." ते थोडे घाबरून थांबले. "आता काय बिनसलं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. वर्षानुवर्षं घराला ठाऊक असलेली गोष्ट कळायला त्यांना पुण्याहून पेटी यावी लागली होती.

सुरेखाकडे जायला हवं, हे त्यांना कळत होतं. दोनदा त्या निघाल्याही आणि तिठ्यावरून परतल्या. जाऊन सांगायचं काय? मी तसं म्हणाले नाही, हे खरं होतं. पण ते सांगायला लागलो की आपण गोड होणार, याची त्यांना आता धास्ती बसली होती. शेवटी त्यांनी सोपी वाट धरली. तो कोपरा आला तरी ते वाक्य तोंडातून जाऊ द्यायचं नाही, मग यंत्रही खोटं ठरेल आणि आपणही सुटू. यंत्राला हरवण्याच्या या नादात सुरेखाकडे जायचं राहून गेलं.

*

निवड फेरी पालकांसमोर ठेवली होती. ही रीत बाईंचीच. मूल आपल्या शिक्षकाशी वाद घालतं आणि तरीही उद्धट ठरत नाही, हे आईबापांनी एकदा बघावं. परीक्षक म्हणून गडहिंग्लजचे तायशेटे वकील आले होते. वयानं थकलेले, पण शब्दाला धरून बसणारे. आधी ओजसची फेरी झाली. तो नीट बोलला, बाईंना एकदा अडवलंही. गुण चांगले पडले.

मग कस्तुरी. चिठ्ठीत तिला आली गृहपाठ बंद करावा ही बाजू. बाईंनी गृहपाठाचा बचाव करायचा. सुरेखा मागच्या रांगेत बसली होती, कारखान्यातून थेट आलेली. काजूच्या तेलानं काळवंडलेली बोटं तिनं पदरात घेतली होती.

कस्तुरी उभी राहिली. "गृहपाठ ही घराची परीक्षा आहे, मुलाची नव्हे. एकाच्या घरी तीन जण मिळून प्रकल्प करतात आणि वर नाव मुलाचं घालतात. दुसरीच्या घरी विचारायला कुणी नसतं, कारण सगळी कामावर असतात. गुण मात्र एकाच मापानं."

बाईंनी उत्तर दिलं. सरावाशिवाय काही येत नाही, गवई घरी रियाज करतो म्हणून मैफिलीत गातो, गृहपाठानं स्वतःचं स्वतः बसून काम करायची सवय लागते. सभागृहानं मान डोलावली.

"बाई, गवयाचा रियाज चुकला तर त्याला स्वतःला ऐकू येतं," कस्तुरी म्हणाली. "माझं गणित चुकलं तर मला ऐकू येत न्हाई. मग सराव कशाचा होतो? चुकीचाच ना?"

टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, पालकांनी लक्ष द्यावं.

"आणि पालकांना वेळ नसला तर?"

आला. तो कोपरा आला. बाईंना छातीत श्वास अडकल्याचं कळलं, आवाज खाली यायला लागल्याचं कळलं, आणि जिभेवर ते शब्द, सगळे, ओळीनं, तयार असल्याचंही कळलं. 'असू दे गं'. समोर पोरांच्या रांगेत सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या.

बाईंनी ओठ मिटले. मग त्या कोरडेपणानं एवढंच म्हणाल्या, "त्याला माझ्याकडे या क्षणी उत्तर नाही," आणि खाली बसल्या. जिंकल्याचा आनंद त्यांना झाला, हे लिहिलंच पाहिजे. वाद हरत होत्या, पण यंत्र खोटं पडलं होतं. आता आपल्याला कुणाकडे जाऊन काही सांगायची गरज नाही, असं त्यांच्या मनात चटकन येऊन गेलं.

कस्तुरी खंडनाला उठली. ताठ मान, स्वच्छ आवाज.

"बाई म्हणतात, असू दे गं बाळा, तुझी काही चूक नाही. घरात तसं वातावरणच नसलं तर तू तरी काय करणार. घरात चार शब्द नीट बोलणारं कुणी असावं लागतं. ह्याला माझं उत्तर असं आहे. माझी आई ह्याच शाळेत शिकली. आठवी, नववी, दहावी, पोतनीस बाईंच्याच वर्गात. म्हणजे आमच्या घरात जे वातावरण आहे, ते बाईंनी शिकवून पाठवलेलं आहे. ते कमी पडत असेल, तर उरलेला गृहपाठ कुणी करायचा? माझ्या आईनं, का बाईंनी?"

आधी सभागृह हसलं, आणि मग आपण काय ऐकलं ते कळून हळूहळू थांबलं. बाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. सुरेखा? आपल्या वर्गात? त्या इतकी वर्षं तिला कस्तुरीची आई म्हणूनच ओळखत होत्या.

तायशेटे वकिलांनी घंटी वाजवली. "थांब बाळ. हा मुद्दा बाईंनी मांडला कधी?"

"आत्ताच की. मघाशी म्हणाल्या न्हवं?" कस्तुरी म्हणाली.

"नाही म्हणाल्या. माझं लक्ष होतं. उत्तर नाही म्हणाल्या आणि बसल्या."

कस्तुरीनं वळून पोरांकडे पाहिलं. पोरांनी खाली पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. कितीतरी संध्याकाळी तिनं त्या कोपऱ्यात ते वाक्य ऐकलं होतं आणि त्याचं उत्तर घडवलं होतं. निहारनं ते पेटीतून काढलं तरी तिच्या कानातून निघालं नव्हतं. बाई गप्प बसल्या तरी तिला ते ऐकू आलं होतं. बाईंना ज्या पोपटपंचीचा तिटकारा होता तिच्यात आणि यात आता फरक तो काय राहिला होता? फक्त हे भाषण बाईंनी न लिहिता पाठ करून घेतलं होतं, आणि जे पाठ झालं ते असं होतं.

"बाई म्हणणार होत्या," ती हळू आवाजात म्हणाली.

"म्हणणार होत्या याला वादात किंमत नाही," तायशेटे म्हणाले. माणूस कठोर नव्हता, पण नियम म्हणजे नियम. "न मांडलेल्या मुद्द्याचं खंडन केलं तर गुण जातात, आणि इथे तर समोरच्याच्या तोंडी नको ते वाक्य घातलंस. पुढे येणारा मुद्दा आधीच खोडता येतो, त्याला हरकत नाही. पण मग समोरच्यानं तो मांडायला हवा. बाईंचा समारोप तेवढा उरला आहे. त्यात आला नाही, तर मला हे गुण कापावे लागतील."

ते गुण गेले की ओजस पुढे जाणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. मागून कुणीतरी कुजबुजलं, "बाईंच्या नावावर काय पण खपवती पोरगी." कस्तुरीच्या बोटाला ओढणीचं टोक पुन्हा गुंडाळलं गेलं.

गप्प राहणं सोपं होतं. बाई नुसत्या गप्प राहिल्या असत्या, तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती, उलट शिष्येनं आळ घेतला तरी शांत राहिल्या म्हणून वाहवाच झाली असती. पेटीचं खरं सांगून पोरीला सोडवावं, तर तायशेट्यांनी सांगितलंच होतं, म्हणणार होत्या याला किंमत नाही. पोरीला वाचवायची एकच रीत होती. ते वाक्य तिच्या आईसमोर, गावासमोर, खऱ्या तोंडानं म्हणायचं.

बाई समारोपाला उठल्या. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की पाठ केलेल्या भाषणासारखं कोरडं म्हणायचं आणि लगेच बसायचं. म्हणजे बघणाऱ्याला कळेल की हे फक्त नियमासाठी आहे.

"असू दे गं बाळा," त्यांनी सुरुवात केली, आणि आवाज आपोआप खाली उतरला. "तुझी काही चूक नाही. घरात तसं वातावरणच नसलं, तर तू तरी काय करणार? घरात चार शब्द नीट बोलणारं कुणी असावं लागतं."

इथे बसायचं होतं. पण समोर पोरीचा तो बिनतोड प्रश्न उभा होता, गाव बघत होतं, आणि त्यांच्या तोंडातून पुढचं वाक्य मायेनं ओथंबून बाहेर पडलं.

"तुझी आईसुद्धा वर्गात अशीच गप्प बसायची."

हे यंत्रात नव्हतं. हे कुणीही जोडलेलं नव्हतं. सुरेखा त्यांना आठवतसुद्धा नव्हती आणि तरी त्यांनी हे ठामपणे सांगितलं होतं, हरायला नको म्हणून. पोरं या वेळी ओरडली नाहीत. डब्यांवर ताल धरणारी तीच पोरं बाईंकडे बघवत नसल्यासारखी जमिनीकडे बघत होती. बाई खाली बसल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं ही केवढी खरी गोष्ट आहे, हे त्यांना कळलं.

तायशेट्यांनी बराच वेळ मान खाली घालून लिहिलं. "मुद्दा मांडला गेला," ते म्हणाले. "खंडन ग्राह्य. कस्तुरी येसणे."

टाळ्या पडल्या, जरा चाचरत. कस्तुरी टाळ्या घ्यायला थांबली नाही. ती उतरून सरळ मागच्या रांगेत आईकडे गेली.

सभागृह रिकामं होत असताना बाई खुर्च्या सरळ करत होत्या. शिपायाचं काम होतं ते, पण वर बघायला नको म्हणून त्या करत होत्या. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. काळवंडलेली बोटं दिसली तेव्हा त्यांना मान वर करावीच लागली.

"बाई," सुरेखा म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून तो ऐकणं जास्त अवघड होतं. "त्या पेटीतलं मी मनाला लावून घ्याचं न्हाई म्हणत हुते. यंत्र हाय, म्हटलं, त्याला काय कळतंय. पर आत्ता तुम्ही बोललासा ते एक सांगायला आले. मी गप्प न्हवते बसत. तुम्ही मला कधी उठवलंच न्हाईसा."

"अगं, साठ मुलांचा वर्ग," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. सुरेखा पुढचं ऐकायला उभी होती, हाताची घडी घालून, वर्गात उभं राहतात तशी. बाईंनी आठवून पाहिलं. तिची आठवी आठवेना, दहावी आठवेना, ती कुठल्या बाकावर बसायची तेही आठवेना.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. त्यापुढे गोड बोलण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.